पारामामाची सहल

माझ्या मोठ्या मामाला सगळे 'पारा' म्हणायचे. नाव पारा, पण उभ्या आयुष्यात तो कधी चढला नाही. डोंगरातल्या गरम झऱ्यांवर एक स्नानगृह आहे, तिथे मामा एकतीस वर्षं कामाला होता. जमिनीतून येणारं पाणी जवळजवळ उकळतं असतं. त्यात ओढ्याचं गार पाणी सोडून ते अंगाला सोसेल असं करायचं, हे त्याचं काम. भिंतीवर दोन चाव्या, एक गरम पाण्याची, एक गार पाण्याची. चाव्या फिरवायच्या, हौदात दोन बोटं बुडवायची, क्षणभर थांबायचं आणि म्हणायचं, "या, बसा." खोलीत थर्मामीटर होता, पण त्याच्यावर धूळ बसलेली. लोक मामाची बोटं बघायलाच कडेला उभे राहायचे, आणि त्याला ते आवडायचं.

रोज तीनच्या सुमारास सहलीची बस यायची. सकाळी शहरातून निघून आधी तळं, मग डोंगरातली दोन गावं, मग ज्वालामुखीचं वाफाळतं तोंड, आणि शेवटी दमलेली माणसं मामाच्या हौदात. मामाने स्वतः ती सहल कधी केली नव्हती.

पन्नाशीत त्याला साखरेचा आजार निघाला. पुढे बोटं बधिर होत गेली. एकदा त्याने शेगडीवरचं दुधाचं पातेलं उघड्या हातांनी उचलून ओट्यावर ठेवलं.

"अहो, भाजलं नाही?" मामी किंचाळलीच.

"नाही गं. कोमट तर आहे."

पातेल्यात दूध अजून वर येत होतं.

मामी म्हणाली, कामावर सांगा. मामा म्हणाला, दोनच वर्षं राहिलीत. तोवर त्याने वाट काढली होती. कोपराला अजून कळत होतं. बस यायच्या आधी, कोणी नसताना, तो कोपर बुडवून पाणी बेताचं करून ठेवायचा. मग माणसं आली की सगळ्यांसमोर दोन बोटं, ती नुसती दाखवायला.

एके दिवशी बस अर्धा तास लवकर आली. माणसं थेट हौदापाशी येऊन उभी राहिली. गार पाण्याच्या नळात पाला अडकला होता, ते मामाला ठाऊक नव्हतं. त्याने दोन बोटं बुडवली, क्षणभर थांबला आणि म्हणाला, "या, बसा."

मामाच्याच वयाची एक बाई सगळ्यात पुढे होती. तिने गुडघ्यापर्यंत दोन्ही पाय आत टाकले.

ती वाचली, पण पुन्हा धड चालली नाही. चौकशी झाली. साहेबांनी लिहिलं, नळ तुंबल्यामुळे अपघात. मामाने खाली सही केली. त्याला कोणी एका शब्दाने बोललं नाही. निवृत्तीच्या दिवशी निरोपाला भिंतीवरचं घड्याळ मिळालं आणि तो घरी बसला.

मामीच्या मनात ती सहल फार दिवसांपासून होती. "आयुष्यभर यांचे कपडे त्या गंधकाच्या वासाचे धुतले, एकदा मला तरी त्या पाण्यात बसू दे," असं ती मला म्हणाली. मी तीन तिकिटं काढली. मामा नाही म्हणेल असं वाटलं होतं. तो निमूटपणे तयार झाला.

तळ्यावर धुकं होतं, ते बघता बघता विरलं आणि पलीकडचा डोंगर उलटा पाण्यात दिसला. मामी लहान मुलीसारखी काचेला नाक लावून बसली. पहिल्या गावात उतरत्या गल्ल्या, लाकडी सज्जे, कुंड्यांमधून लाल फुलं. दुसऱ्या गावात मामीने लाकडी पळी घेतली. ज्वालामुखीच्या कठड्यावर मामा बराच वेळ उभा राहिला. खाली पिवळे दगड आणि वाफा.

"एवढं बघून यायची होय गं ही माणसं माझ्याकडे," तो म्हणाला. "किती खुशीत असतील."

स्नानगृहात आता चाव्यांच्या जागी यंत्र आहे. लाल आकडा दिसतो, एक्केचाळीस. मामी बायकांच्या आतल्या हौदावर गेली. मामाने बूटही काढले नाहीत. बाहेरच्या, सगळ्यांच्या हौदाच्या कडेला बसून त्याने हात पाण्यात सोडला.

"गरम आहे का गं?"

मी हात घालून पाहिलं. "आहे. सोसेल इतकं."

तो हात तसाच ठेवून बोलत राहिला. "मी तिच्या घरी तीनदा गेलो होतो. दोनदा दारातूनच परत फिरलो. तिसऱ्यांदा तिच्या नवऱ्याने दार उघडलं. म्हणाला, 'तुम्ही मनाला लावून घेऊ नका, नळ तुंबला होता, आम्हाला पत्र आलंय.' आत बसवलं, चहा दिला. ती खाटेवर होती. मला म्हणाली, 'एवढ्या लांबून आलात!' मी चहा प्यायलो गं. सगळा कप प्यायलो, आणि उठून आलो."

"मामा, अजून सांगता येईल. मी येते तुझ्याबरोबर."

"ती गेली. गेल्या वर्षी."

मी त्याचा हात पाण्यातून बाहेर काढला, रुमालाने पुसला. कातडी लाल झाली होती. तिच्या नवऱ्याला सांगू या, असं मी म्हणाले तर मामा म्हणाला, "त्या बिचाऱ्याला आता कशाला? मला हलकं वाटावं म्हणून?"

तेवढ्यात मामी बाहेर आली. केस ओले, चेहरा टवटवीत. "तुम्ही का नाही हो उतरलात?"

"गर्दी होती," मामा म्हणाला. हौदात तेव्हा चारच माणसं होती.

परतीच्या वाटेवर मामी झोपून गेली. मामा समोरच्या सीटच्या पाठीकडे बघत बसला होता. डोंगर दोन्ही बाजूंनी जात होते, पण त्याने एकदाही मान वळवली नाही.

याला चार वर्षं झाली. मामी अजून शेजारणींना त्या तळ्याचं रसभरीत वर्णन ऐकवते. मामा तिथेच असतो. कोणी विचारलं, "तुम्हाला काय आवडलं?" तर म्हणतो, "सगळंच." मग उठून आतल्या खोलीत जातो आणि दार लोटून घेतो. त्या दारापाशी जाऊन मी दोन-तीनदा उभी राहिले आहे. आत गेले नाही.