बटर पेपरची उलटी बाजू

चित्र कुठं बिघडलंय हे कळत नसेल तर ते आरशात बघावं, असं आम्हाला चित्रकलेच्या शाळेत शिकवलं होतं. पुढं मी शहरातल्या छावणी भागात दोन खोल्या घेऊन डिझाइनचा स्टुडिओ काढला, संगणक आला आणि आरशाचं काम एका बटणावर आलं. बटण दाबलं की डावीकडचं उजवीकडं. मला तो चाळाच लागला. बिस्किटाचं खोकं असो की दवाखान्याची पाटी, उलटं करून बघितल्याशिवाय मी काही हातावेगळं करत नसे. लोक विचारायचे, एवढं सुचतं कुठून? मी नाकानं कांदे सोलत सांगायचो, "नजर असावी लागते."

आठवड्यातले तीन दिवस स्टुडिओत चाचा यायचे. ते कातिब, म्हणजे हातानं सुंदर उर्दू लिहून देणारे. त्यांचे वडील निजामाच्या कचेरीत लिहायचे. पोलीस ॲक्शननंतर निजामाचं राज्य गेलं, कचेऱ्यांतली उर्दू गेली आणि चाचांच्या वाट्याला लग्नपत्रिका आणि दुकानांच्या पाट्या राहिल्या. एक गुडघा उभा करून, त्यावर फळी टेकवून ते बोरूनं लिहायचे. नऊ वर्षं ते माझ्या टेबलापासून चार हातांवर बसले. मी त्यांच्या अक्षरावर जीव टाकायचो. शाई कुठं दाटते, रेघ कुठं केसाएवढी होते, सगळं मला पाठ. वाचता मात्र एक अक्षर येत नव्हतं, आणि यावं असं कधी वाटलंही नाही.

त्यांच्या धाकट्या मुलीचं लग्न ठरलं. ती लहानपणी डबा घेऊन यायची, मला भैया म्हणायची आणि माझ्या रंगाच्या बाटल्या सांडून ठेवायची. चाचांचा हात तोवर थरथरायला लागला होता. बाहेरची कामं त्यांनी बंदच केली होती. "लेकिन बच्ची का कार्ड मैं-इच लिखूँगा," म्हणाले. सकाळी हात जरा स्थिर असतो म्हणून रोज सकाळी एक ओळ लिहायचे, कधी अर्धीच. लिहून झाल्यावर कागद माझ्या हातात दिला, बोरू पुसून डबीत ठेवला.

"बस. अब नक्को. बाकी तुम्हारे हवाले."

ते त्यांचं शेवटचं लिखाण होतं, आणि ते लोकांच्या हातात नीट जावं एवढंच त्यांचं मागणं होतं.

मी वेरूळला जाऊन एका खांबावरची वेल उतरवून आणली आणि संगणकावर मजकुराच्या उजव्या कडेनं चढवली. पांढरं कार्ड, त्याच्या चार कोपऱ्यांना खाचा, त्या खाचांत अडकवलेला पातळ बटर पेपर आणि त्यावर सोनेरी छपाई, असा थाट ठरवला. छापण्याआधी सवयीनं बटण दाबलं. वेल डावीकडं गेली आणि पान एकदम जिवंत वाटलं. तसंच ठेवलं. वेल आणि अक्षर एकाच चित्रात आहेत हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. त्याचं काही वाटलं नाही, एवढंच.

तीनशे पत्रिका छापल्या, बटर पेपर अडकवले. संध्याकाळी चाचा आले. पहिली पत्रिका घरी मुलीच्या हातानं उघडायची म्हणून त्यांनी ती न बघताच रुमालात बांधून नेली. बाकीच्या ते दुसऱ्या दिवशी चार वाजता नेणार होते. त्यातल्या अर्ध्या नवऱ्या मुलाकडच्या माणसांबरोबर त्याच दिवशी जायच्या होत्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी अण्णा आले. अण्णा म्हणजे माझे वडील. लासूर स्टेशनहून काही कामानं शहरात आले की आईनं दिलेले धपाटे पोचवायला स्टुडिओत डोकवायचे. पोलीस ॲक्शन झाली तेव्हा ते सातवीत होते. तोवरचा भूगोल, गणित, सगळं उर्दूत शिकलेले. त्यांनी गठ्ठ्यातली एक पत्रिका उचलली, लांब धरली, जवळ धरली.

"आरं, हे उलटं छापलंय."

"अण्णा, उर्दू उजवीकडूनच असते."

"मला शिकवतो का? उजवीकडून असती हे मला ठावं हाय. हे डावीकडून हाय."

मी हसलो. खरंच हसलो, ते आठवलं की अजून कानशिलं तापतात. अण्णांनी बटर पेपर खाचांतून सोडवला, पालथा केला आणि खिडकीच्या उजेडात धरला. मग ते घडाघडा वाचायला लागले.

चाचांचं आयुष्यातलं शेवटचं अक्षर मी तीनशे वेळा उलटं छापलं होतं. मराठी असतं तर शेंबड्या पोरालाही कळलं असतं. मी नऊ वर्षं त्या अक्षराची तारीफ करत होतो आणि माझ्या लेखी ती नुसती दुसरी वेल होती. पुन्हा छापायला बटर पेपर उरला नव्हता, वेळ तर नव्हताच. आणि एक पत्रिका कालच घरी गेली होती.

अण्णा वाचतच होते. मध्येच थांबले.

"ह्यात तुझं नाव हाय की रं."

"काहीतरीच काय?"

"इथं बघ. चश्म-ब-राह. म्हंजी वाटंकडं डोळं लावून बसल्याली माणसं. आपल्याकडं खाली स्नेहांकित लिहित्यात तसं. त्येंची तीन पोरं, आन् चौथं, पार खालच्या ओळीत, तुझं. नाव आडनावासकट."

मला पहिल्यांदा अर्थच लागला नाही. मग लागला, आणि मी खुर्चीत बसलो. माझ्या हातानं, माझ्याच बटणानं, मी माझं स्वतःचं नाव उलटं केलं होतं आणि ते पान झकास जमलं म्हणून स्वतःवर खूश झालो होतो. असला हादरा मला त्याआधी कधी बसला नव्हता.

"बसून काय करतो?" अण्णा म्हणाले. "कागद पालथा घाल. मागून सुलटंच दिसतंय."

एवढं साधं मला सुचलं नव्हतं. आम्ही दोघं जमिनीवर बसलो. एकानं सोडवायचं, दुसऱ्यानं पालथं करून अडकवायचं. मागून सोनेरी रंग थोडा मातकट दिसत होता, पण अक्षर वाचता येत होतं, आणि वेल पुन्हा उजवीकडं आली होती. धपाटे तसेच राहिले.

शेवटचा गठ्ठा बांधत होतो तेवढ्यात चाचा आले. चार वाजायला थोडा अवकाश होता. त्यांनी रुमाल सोडून कालची पत्रिका टेबलावर ठेवली. तिच्यातला बटर पेपर आधीच पालथा केलेला होता.

मी म्हणालो, "चाचा, मला माफ करा."

"गलती का क्या है, बेटा? कागद पलटाया, हो गई दुरुस्त." त्यांनी वरच्या गठ्ठ्यावर हात ठेवला. "घर में खोले तो बच्ची पूछी, अब्बा, भैया अपना नाम देखे तो क्या बोले? मैं बोल्या, बहोत खुश हुए." मग हळूच म्हणाले, "झूठ बोल्या मैं."

अण्णांनी मान खाली घातली. मला वाटलं, चाचांनी मला एक थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं.

"कुठं आहे माझं नाव?" मी विचारलं. "मला दाखवा."

मी पत्रिका पुढ्यात ओढली आणि शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं, डाव्या टोकाला. चाचांनी थरथरत्या हातानं माझं बोट धरलं आणि उजवीकडं, नावाच्या पहिल्या अक्षरावर नेलं.