जनरलच्या चौकातली पंगत

मी रस्ते आखणारा इंजिनियर. त्यामुळे अमेरिकेत जॉर्जिया वसवणारा तो इंग्रज जनरल मला भारी आवडतो. त्याने तिथे रमवर बंदी घातली, ते जाऊ द्या. पण गाव आखलं ते मोकळ्या चौकांभोवती. दार उघडलं की समोर शेजारी दिसणारच.

बाबा गेल्यावर आई पुण्याहून आमच्याकडे न्यूझीलंडमध्ये, लोअर हटला राहायला आली. तीन महिने झाले तरी कुणाशी ओळख नाही. "इथे सगळे हसून किया ओरा म्हणून नमस्कार करतात आणि पुढे जातात. मला परत पाठव," ती म्हणाली. मला ते फार लागलं.

इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीला पंगत मांडायचं काम माझ्याकडे होतं. मी ठरवलं, यंदा रांगा नाहीत, चौक! प्रत्येक चौकात चार बाजूंनी टेबलं, मधे मोकळी जागा. समोरासमोर बसल्यावर कुणीतरी आईशी बोलेलच.

"जनरलसाहेब, वाढपी कुठून फिरणार?" बायकोने विचारलं. मी कसला ऐकतोय!

व्हायचं तेच झालं. रांगेत वाढपी एका टोकाने निघतो आणि दुसऱ्या टोकाला पोचतो. इथे चौकातून बाहेर पडला की कुठला चौक झाला, तेच त्याला आठवेना. एका चौकात मसालेभात तीनदा गेला, दुसऱ्यात नुसतं मीठ आणि लिंबाची फोड. सगळी पानं वाढून झाल्याशिवाय सुरुवात करायची नाही, म्हणून अख्खा हॉल उपाशीपोटी माझ्याकडे बघत होता.

तेवढ्यात आई उठली. पदर खोचून मधोमध उभी राहिली.

"वरणवाले, थांबा! आधी हा चौक पुरा होऊ दे. तू गं, जांभळ्या ड्रेसमधली, कोशिंबीर घे आणि माझ्यामागून ये."

"स्वीट ॲज, काकू!" इथल्या बोलीत 'चालेल की' म्हणत ती मुलगी धावली. इथल्या हॉस्पिटलात नर्स होती.

दहा मिनिटांत पानं भरली. आई वाढप्यांबरोबर शेवटी जेवायला बसली आणि माझ्या चौकांवर सगळ्यांनी पोटभर हसून घेतलं. जनरलच्या वाटचं हसू मीच सोसलं, पण आई हसताना बघून मला इतकं बरं वाटलं!

दोन दिवसांनी आईचा फोन वाजला. पुण्याहून असेल म्हणून मी तिला नेऊन दिला. पलीकडून ती जांभळ्या ड्रेसमधली नर्स बोलत होती.

"काकू, रविवारी आमच्याकडे सत्यनारायण आहे. याल ना?"

"येते की," आई म्हणाली. "पण टेबलं माझ्या मुलाला मांडू देऊ नकोस."