जळजळ शून्य

पुदिन्याच्या वासाचं ते पित्तावरचं गुलाबी औषध कुणी उघडलं की दवाखान्यातला बाक आठवतो. सिस्टरनं फॉर्मवरून विचारलं, "काका, औषधानंतर आठवड्यात किती दिवस जळजळ झाली?" वडील ताडकन म्हणाले, "येक बी दिस नाय. कुणाचं बघून जळणारा माणूस नाय मी, सिस्टर!" बाकावरचे सगळे हसले, मीही हसलो. तिनं शून्य लिहिलं आणि गुण आला म्हणून डॉक्टरांनी औषध बंद केलं. बजाजनगरच्या आमच्या खोलीत मात्र जेवल्यावर वडील "छातीत आग पडली" म्हणत तासन्‌तास भिंतीला टेकून बसत. कामगारांच्या हक्कांची पत्रकं लिहिणारा मी. "आग पडते का, असं विचारा," एवढं काही मला सिस्टरला सांगता आलं नाही. आता खोलीत मी एकटाच असतो. चुना लावताना भिंतीवरचा त्यांच्या पाठीचा तेलकट डाग तेवढा सोडला.