दुखतंय म्हणायची चोरी

नेरूळला दातांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी सत्तरीचे एक गृहस्थ बसले होते. गालावर रुमाल दाबलेला, तोंडात लवंग. अमेरिकेत मुलांकडे वर्षभर राहून दोनच दिवसांपूर्वी परतले होते.

“तिकडे नाही का दाखवलंत?” मी विचारलं.

“तिकडे नुसतं दुखतंय म्हटलं, तरी घरात इलेक्शन सुरू व्हायचं,” ते थकलेल्या आवाजात म्हणाले. “मोठा म्हणतो, सगळ्यांचा विमा सरकारनंच काढावा. धाकटा म्हणतो, ज्याचा त्यानं काढावा, सरकारनं मध्ये पडू नये. दोघांच्या पार्ट्या वेगळ्या. एकदा माझ्या दाढेवरून अशी जुंपली, की धाकटा भरल्या ताटावरून उठून गेला. तीन महिने फिरकला नाही. मग मी दुखतंय म्हणणंच सोडलं.”

दोघंही बापाच्या काळजीपोटीच भांडले असतील, असं मला वाटलं.

त्यांचा नंबर आला. आतल्या खोलीचं दार उघडंच राहिलं होतं. डॉक्टरांनी विचारलं, “काका, कधीपासून दुखतंय?”

“कालपासून,” ते घाईघाईनं म्हणाले. “तसं फार नाही.”