रुमालात बांधलेल्या हिरव्या बांगड्या

सांगलीत मी केमोच्या वॉर्डात नर्स होते. औषधानं पांढऱ्या पेशी घसरल्या की पेशंटला वेगळ्या खोलीत हलवायचं. मग फुलं बंद, घरचं दही बंद, आणि सोबतीला एकच माणूस. माझ्या आवाजाला नातेवाईक डॉक्टरांपेक्षा जास्त टरकून असत.

त्या खोलीत कुपवाडला लेथवर काम करणारा एक जण आला. साधी सर्दीसुद्धा त्याच्या जिवावर बेतली असती. सोबत बायको, कराडकडची. बिचारी सांगेल ते सगळं करायची. पण दोन्ही हात हिरव्या बांगड्यांनी भरलेले. साबण त्यांच्याखाली पोचायचा नाही, आणि त्याच हातांनी ती नवऱ्याचं तोंड पुसायची.

एका सकाळी माझं डोकं फिरलं. "काढा आधी त्या बांगड्या!" सगळ्यांसमोर ओरडले.

ती पांढरीफटक पडली. "आवं सिस्टर, माजं मालक हायती अजून."

मी जीभ चावली. असल्या वेळी त्या बाईला मी काय बोलून बसले होते! तिला बाजूला घेऊन नीट समजावलं. ती माझ्या मोकळ्या मनगटांकडं बघत होती. "तुमच्या कुटं हायती?"

"लॉकरात. घरी जाताना घालते."

धडधडीत खोटं. माझा नवरा जाऊन तीन वर्षं झाली होती. पण खरं सांगितलं असतं, तर तिनं त्या जन्मात काढल्या नसत्या. बेसिनपाशी उभं राहून तिनं एकेक बांगडी जपून उतरवली, रुमालात बांधली आणि माझ्याकडं दिली. "तुमच्यापाशीच ऱ्हाऊ द्या."

मधे एकदा त्याला ताप चढला, तेव्हा त्या रुमालाकडं बघायचीही मला भीती वाटायची. पण ताप उतरला, पेशी वाढल्या. घरी सोडायच्या दिवशी तिनं धुतलेले हात माझ्यापुढं केले. "तुमीच घाला."

आता मला खोटं रेटवेना. "मी घालू नयेत, वहिनी. माझे मालक नाहीत."

ती बघतच राहिली. आता रुमाल हिसकावून घेईल, असं वाटलं.

"तवाच सांगितलं आसतं, तर म्या काडल्या नसत्या," ती नवऱ्याकडं बघत हळूच म्हणाली. "मग ह्ये तरी कुटं ऱ्हायलं आसतं?"

हात तिनं मागं घेतले नाहीत. "घाला की."

मी रुमालाची गाठ सोडली आणि पहिली बांगडी तिच्या हातात चढवली.