फोनवर सुचवलेली बातमी

हे मी नवऱ्यालासुद्धा सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगतेय — ठाऊक नाही. पण आता पोटात राहत नाही.

नव्वदच्या दशकात बेंगळुरात मी जनसंपर्काचं काम शिकत होते. चामराजपेटेतल्या आमच्या घरी कुणाला त्यातलं काही कळायचं नाही. आई सांगायची, पेपरवाल्यांशी ओळखी ठेवायचं काम करते. खोटं नव्हतं ते. आमचे साहेब शिकवायचे — चांगलं असेल ते लिहून द्यायचं, वाईट नुसतं सुचवायचं, तेही फोनवर. मी मोठी हुशार! पटकन शिकले.

होसकोट्याच्या एका कारखान्याचं काम आमच्याकडे होतं. तिथे शंकरण्णांचा हात यंत्रात गेला. शंकरण्णा आमच्याच गल्लीतले, आमच्यातलेच, मूळचे मराठी. पिढ्यान्‌पिढ्या इथं राहून निम्मे कानडी झालेले. हात आत जाऊ नये म्हणून यंत्रावर जाळी असते, ती कधीचीच काढून ठेवलेली होती. साहेबांनी त्यांच्या घरी मलाच पाठवलं. आपल्यातलं माणूस भेटायला आलं की लोक मोकळं बोलतात — हेही शिकण्यातलंच.

त्यांच्या बायकोनं, सुमक्कानं, रडत रडत सगळं सांगितलं. जाळीचं, सुपरवायझरचं. निघताना, लग्नानंतर पहिल्यांदाच घरी आलीस म्हणून, माझी ओटी भरली. अशा वेळी कुणाला सुचतं का हे? तिला सुचलं. मी पदर पसरला.

आणि दुसऱ्या दिवशी — कसं सांगू? — ओळखीच्या वार्ताहरांना मी फोन केले. जाळीचा विषय निघायच्या आत म्हटलं, "माझं नाव नको, पण माणूस प्यालेला होता म्हणतात."

म्हणतात! कोण म्हणत होतं? मीच. शंकरण्णांनी उभ्या जन्मात थेंब घेतला नव्हता, हे मला पक्कं माहीत होतं. साहेबांनीही असं सांगायला सांगितलं नव्हतं. ते माझ्याच डोक्यातून आलं.

बातमी छापून आली. कारखाना दोषातून सुटला, मला बढती मिळाली. शंकरण्णांच्या मुलीचं ठरत आलेलं लग्न मोडलं. 'बाप पितो' एवढं आमच्या लोकांत पुरतं. सुमक्का माझ्याकडेच धावत आली. हे खोटं आहे म्हणून पेपरवाल्यांना तू स्वल्प, जरा सांग ना गं, म्हणाली. मी "सरी अक्का, बरं, सांगते" म्हटलं, आणि कुणालाही सांगितलं नाही. भीती होती का? होती. पण नव्या खुर्चीचा मोहही होता. मेल्याहून मेल्यासारखं होतं हे आठवलं की.

पुढे शंकरण्णा तो डाग घेऊनच गेले. तेराव्याला सुमक्कानं मला हाताला धरून पाहुण्यांपुढे नेलं.

"आमच्यासाठी पेपरवाल्यांशी भांडली ती ही एकटीच," म्हणाली.

सगळे माझ्याकडे बघत होते. मी तिनं वाढलेल्या पानावर बसले आणि जेवले.