सोबत कोण

जळगावच्या मानसोपचार दवाखान्यात केसपेपर लिहिणाऱ्या अक्का मूळच्या एरंडोलच्या. पेन अंबाड्यात खोचायचं आणि मग टेबलभर शोधत बसायचं, ही त्यांची खोड. कुणी घाई केली की म्हणतात, "बसा भाऊ, बठ्ठासना नंबर लागी," म्हणजे सगळ्यांचा नंबर लागेल.

छातीत धडधडतं, झोप लागत नाही, म्हणून मी दर महिन्याला जातो. बरोबर तो असतो. चार वर्षं आम्ही एकत्र राहतो.

"सोबत कोन शे?"

"मित्र."

अक्का मान वर न करता लिहून घेतात.

मागच्या महिन्यात मात्र त्यांनी मान वर केली. आधी माझ्याकडे पाहिलं, मग माझी पाण्याची बाटली धरून उभ्या असलेल्या त्याच्याकडे. बाहेर येऊन मी कागद वाचला. सोबत: घरचे.

माझी आई वडिलांना 'घरचे' म्हणते. मी आईवडिलांना 'घरचे' म्हणतो. अक्कांच्या मनात यातलं कोणतं होतं? त्यांना कळलं, की त्या चुकल्या? आनंद मानावा की घाबरावं, तेच कळेना. कागदाची बारीक घडी करून खिशात ठेवली.

या महिन्यात अक्कांनी विचारलंच नाही. सरळ लिहायला लागल्या. तोंडाशी आलेला 'मित्र' मी गिळला.